पाच टोप्या, एकच डोकं!

रेकॉर्डच्या कव्हरवर पाच काउबॉय. डोक्यावर टोप्या, चेहरे गायब, नुसत्या काळ्या आकृत्या! बँडचं नाव ‘द ब्लू रिज रेंजर्स’, साल 1973. आता ओळखा पाहू, हे पाच पांडव कोण? पहिला जॉन फोगर्टी. दुसरा जॉन फोगर्टी. तिसरा, चौथा, पाचवा... तोच तो, जॉन फोगर्टी!

गिटार त्याची, बेस त्याचा, ड्रम्स, बँजो, फिडल आणि स्टील गिटारही त्याचीच. मुख्य आवाज त्याचा आणि मागून साथ देणारे आवाजही त्याचेच. एकटा जीव सदाशिव! आणि बँड म्हणून नाव छापलं ते फक्त रेंजर्सचं.

बरं, हा कुणी नवखा होता का? छे! ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या तुफान गाजलेल्या बँडचा हा गायक, गिटारिस्ट आणि गीतकार. 1969 या एकाच वर्षात या बँडचे तीन अल्बम आले होते! 1972 मध्ये बँड फुटला आणि काही महिन्यांतच पठ्ठ्या हा ‘पाच जणांचा’ बँड घेऊन हजर.

माहीत आहे का? अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत क्रीडन्सची गाणी पाच वेळा दुसऱ्या नंबरवर पोहोचली. पहिल्या नंबरवर? एकदाही नाही! काळजाला घरं पडतात की नाही?

आता एका माणसाचा बँड होतो कसा, ते बघा. मल्टीट्रॅक टेपवर आधी एक वाद्य वाजवायचं. हेडफोनमध्ये ते ऐकत दुसरं, मग दोन्ही ऐकत तिसरं. म्हणजे समोर बघून मान डोलवायला कुणी नाही, ‘वाह’ म्हणायला कुणी नाही. ठेका जरा हलला की पुन्हा पहिल्यापासून.

त्यात पेडल स्टील गिटार! ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत, टेबलासारखी आडवी मांडतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात तारांवर सरकवायचा लोखंडी दांडा, पायाखाली पेडल्स आणि गुडघ्यांनी ढकलायच्या कळा. हात, पाय, गुडघे, सगळे ड्यूटीवर! कंट्री गाण्यात तो हुंदका दिल्यासारखा लांबणारा सूर येतो ना, तो हिचाच. भल्याभल्यांना घाम फोडणारं वाद्य आहे हे.

अल्बमवर गाणी 12 आणि बाराच्या बारा दुसऱ्यांची! जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स, मर्ल हॅगर्ड अशा दिग्गजांची, शिवाय चर्चमधली भक्तिगीतंसुद्धा. रॉजर्स तर रेल्वेत ब्रेकमन होता, म्हणून त्याला ‘सिंगिंग ब्रेकमन’ म्हणायचे. काय रुळावर आलेलं करिअर!

सगळ्यात चविष्ट गाणं ‘जंबलाया’. माहीत आहे का जंबलाया म्हणजे काय? अमेरिकेतल्या लुइझियानाचा एका भांड्यात शिजणारा भात! कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, सॉसेज, कोळंबी, सगळं एकत्र. मसालेभाताचा लांबचा चुलतभाऊच म्हणा. हँक विल्यम्सने 1952 मध्ये हे गाणं आणलं आणि 14 आठवडे ते कंट्री चार्टच्या शेंड्यावर बसलं. त्याची चाल तरी नवी होती का? नाही, ती ‘ग्रां टेक्सास’ या जुन्या केजन (म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंचभाषकांच्या) गाण्यावरून आलेली! फोगर्टीचा जंबलाया ‘हॉट 100’मध्ये सोळाव्या नंबरपर्यंत चढला.

आणि हे वाचून खुर्चीतून उठाल! फोगर्टीच्या पाच वर्षं आधी, 1968 मध्ये, मुंबईत शिकलेल्या एका मुलीने हेच ‘जंबलाया’ रेकॉर्ड केलं होतं. कोण? आपल्या उषा उथुप! तेव्हा त्या उषा अय्यर होत्या आणि त्यांची कारकीर्द नुकती सुरू होत होती. मला तर ही दोन्ही ‘जंबलाया’ लागोपाठ लावायला भारी आवडतं. भात तोच, फोडणी वेगळी!

आता कोर्टाची पायरी. पुढे 1984 च्या अखेरीस फोगर्टीचं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणं आलं, तर त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने, ‘फँटसी’ने, केस ठोकली. आरोप? हे क्रीडन्सच्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. आणि ‘रन थ्रू द जंगल’ कुणी लिहिलं होतं? फोगर्टीनेच! स्वतःचीच चोरी केली म्हणून माणूस कोर्टात उभा! गडी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला, गाणी कशी बनतात ते वाजवून दाखवलं आणि 1988 मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या फीचा वाद तर थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 1994 मध्ये तिथेही जिंकला तोच. टाळ्या!

2009 मध्ये रेंजर्स परतले. या वेळी साथीला ब्रूस स्प्रिंगस्टीन आले, ईगल्सचे डॉन हेन्ली आणि टिमथी श्मिट आले. ज्या पेडल स्टीलशी तो एकटा झुंजला होता, तिच्यावर बसायला ग्रेग लीझसारखा उस्ताद आला. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांच्या, गाण्यांच्या या अल्बममध्ये फोगर्टीने एक गाणं स्वतःचंच जुनं घेतलं, ‘चेंज इन द वेदर’. स्वतःचं कव्हर स्वतःच!

आणि अल्बमचं नाव नीट वाचलंत? ‘द ब्लू रिज रेंजर्स राइड्स अगेन’. ‘राइड’ नाही, ‘राइड्स’. स्टुडिओ माणसांनी भरलेला, पण क्रियापद मात्र एकवचनी. ‘रेंजर्स पुन्हा निघाले’ नाही हो, ‘रेंजर्स पुन्हा निघाला’!