संगणकाची आद्य आज्ञावली

खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपची स्मृती वाढविणे हे काम अवघड नाही. जुना भाग काढावयाचा व नवा बसवावयाचा. चूक झाल्यास जुना भाग पुन्हा लावता येतो. परंतु ‘फर्मवेअर’ म्हणजे यंत्राची आद्य आज्ञावली बदलणे ही गोष्ट निराळी आहे.

कळ दाबताच प्रथम हीच आज्ञावली जागी होते, यंत्राचे भाग तपासून कार्यास लावते आणि मग मुख्य प्रणालीस पाचारण करते. तिचे वास्तव्य बहुधा आठ पायांच्या एका इवल्या फ्लॅश चिपमध्ये असते. या चिपमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो. परंतु ० चा पुन्हा १ करावयाचा, तर अख्खा खंडच पुसावा लागतो. असा लहानांत लहान खंड बहुधा ४०९६ बाइटांचा असतो. म्हणजे नवे लिहिण्यापूर्वी जुने नष्ट होते. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर यंत्राजवळ जुनी आज्ञा नसते आणि नवीही नसते. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ विषाणूने अनेक संगणकांतील आद्य आज्ञावली बिघडविली, तेव्हा एरवी धडधाकट असलेली यंत्रेही मुकी झाली.

यावर उपाय आहे. बाहेरील प्रोग्रॅमर उपकरणाचा चिमटा चिपच्या पायांस लावून आज्ञावली पुन्हा लिहिता येते. चिप ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची, हे मात्र आधी पाहावे. पण लिहावयाचे काय? म्हणून जाणता कारागीर प्रारंभीच मूळ आज्ञावली दोनदा वाचून घेतो. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या, तरच तो पुढील पाऊल टाकतो.