चार पायांचं घर (भाग ५) : कानात वारं भरलेली चिंगी

समजा, तिचं नाव चिंगी. वय दहा महिने, रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, एका कानाच्या टोकाला नसबंदीची खाच. रस्त्यावरून रेस्क्यू केलेली आणि गेले दोन महिने कोथरूडच्या एका घरात फॉस्टरला असलेली. एक कुटुंब तिला पाहायला येतं. दार उघडताच चिंगी आधी सगळ्यांच्या चपला हुंगते, त्यातली एक तोंडात धरून बाहेरच्या खोलीला तीन फेऱ्या मारते, सोफ्यावर चढते, उतरते आणि ज्यांची चप्पल, त्यांच्याच मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकते. कानात वारं शिरलेल्या वासरासारखी. मुलं हरखतात, आजी पाय वर घेऊन बसतात आणि आईबाबा एकमेकांकडे बघतात: हे आपल्याला झेपेल का?

प्रश्न रास्त आहे. पण चिंगीकडे दहा मिनिटं पाहून त्याचं उत्तर मिळत नाही. ते फॉस्टर करणाऱ्या ताईंकडे असतं, आणि नीट विचारलं तरच मिळतं.

अर्ज, घरभेट आणि करारपत्र यांबद्दल मागच्या भागात पाहिलं. फॉस्टर घराचं मोल त्या कागदांपेक्षा मोठं आहे. शेल्टरमध्ये कुत्रा जसा दिसतो, तसा तो घरात असेलच असं नाही. सतत भुंकणारे शेजारी, फिनेलचा वास, येणारीजाणारी अनोळखी माणसं, या सगळ्यात कुणी कोपऱ्यात मुटकुळं करून बसतो, तर कुणी जाळीवर उड्या मारत राहतो. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांना एकदोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवून संशोधकांनी त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते खाली आलं आणि शेल्टरमध्ये परतल्यावर पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फरक पडायला एवढा थोडा मुक्काम पुरला. चिंगीला तर दोन महिने मिळाले आहेत. तिचा खरा स्वभाव त्या घराने पाहिला आहे.

म्हणून ‘चावत नाही ना?’ एवढंच विचारून थांबू नये. कुकरची शिट्टी झाली की ती काय करते? लिफ्टमध्ये शिरते, की दारात पाय रोवते? दुधवाला, कचरेवाली, इस्त्रीवाला आल्यावर किती वेळ भुंकते? एकटी किती तास राहिली आहे, आणि तेव्हा काय फाडलं? खाताना ताटलीजवळ हात नेला तर गुरगुरते का? मांजर दिसलं तर? फटाके वाजले तेव्हा कुठे लपली? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: दंगा करून झाल्यावर तिला शांत व्हायला किती वेळ लागतो, आणि कशाने? मनापासून फॉस्टर करणारी माणसं या प्रश्नांनी सुखावतात. त्यांच्याकडे लसीकरणाच्या कार्डाबरोबर सांगण्यासारखं बरंच असतं, फक्त कुणी विचारत नाही.

दहा महिने हे वयही लक्षात घ्यायला हवं. हे कुत्र्याचं वयात येणं आहे. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पाच महिन्यांची असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारी पिल्लं आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकेनाशी होतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. दहावीतल्या मुलाचे आईवडील हे वाचून लगेच मान डोलावतील. हा काळ सरतो. पण नेमक्या याच काळात कुत्रा ‘हाताबाहेर गेला’ म्हणून परत केला जातो, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

मग हे वारं जिरवायचं कसं? सर्वसाधारण समज असा, की खूप पळवलं की कुत्रा दमतो. दमतो, पण रोज तासभर चेंडू फेकत राहिलं तर कुत्र्याचा दम वाढतो आणि महिनाभरात त्याला दीड तास लागतो. शिवाय चेंडूमागे धावताना तो जास्तच पेटतो, शांत व्हायला शिकत नाही. त्याला खरं थकवतं ते नाक. माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक साठेक लाख असतील, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. विजेच्या एका खांबापाशी पाच मिनिटं हुंगत उभी राहिलेली चिंगी वेळ काढत नसते. गल्लीत रात्रभरात कोण येऊन गेलं, ते ती वाचत असते. पट्टा ओढून तिला तिथून खेचून नेलं, तर फिरणं झालं पण काम अर्धवट राहिलं.

घरातही हे सहज जमतं. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर तिच्या जेवणातले दाणे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकायचे आणि टॉवेलची सैल गुंडाळी करायची. पहिल्या दिवशी ती पंजाने ओरबाडेल. चौथ्या दिवशी नाकाने ढकलत, घडी घडी उलगडत जाईल, शेपटी खाली आणि कान पुढे. शेवटचा दाणा सापडल्यावर टॉवेल पुन्हा एकदा हुंगून ती तिथेच आडवी होईल. चेंडूने जे साधलं नाही ते इथे साधतं.

हुंगण्याप्रमाणेच माणूस वाचणंही रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याला नव्याने शिकवावं लागत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट भटक्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करतो आहे. अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या वाडग्याकडे ही कुत्री जातात का, हे त्यांनी तपासलं. निम्मी भीतीने जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतल्या बहुतेकांनी बोटाचा अर्थ बरोबर लावला. याच गटाच्या २०१७ सालच्या अभ्यासात, वारंवार भेटणाऱ्या माणसाने डोक्यावरून फिरवलेला हात खाऊपेक्षा जास्त विश्वास कमावतो असं दिसलं. प्रशिक्षण नाही, पट्टा नाही, तरी माणूस वाचता येतो. चिंगीची चपळाई याच शाळेतून आलेली आहे.

आता घरी नेण्याचा दिवस. या दिवशी दोन गोष्टी चुकवू नयेत.

पहिली, पट्टा. नवीन घरी आलेली कुत्री पहिल्या काही दिवसांतच सोसायटीच्या गेटातून, अर्धवट उघड्या दारातून, गाडीतून उतरताना निसटतात. म्हणून गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घालावेत, दोरी दोन्हींना अडकवावी आणि फोन नंबरचा बिल्ला फॉस्टरच्या घरातून निघण्याआधीच लावावा. दुसरी गोष्ट वास. चिंगी ज्या गोधडीवर झोपायची ती मागून घ्यावी, आणि निदान पंधरा दिवस धुऊ नये. नव्या घरात तिच्या ओळखीचं तेवढंच असतं. ती गोधडी एका कोपऱ्यात अंथरावी आणि चिंगी तिथे असताना मुलांनी जवळ जायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. नातेवाइकांना बघायला बोलवायची घाई नको. काही जणी पहिले तीन दिवस एवढ्या गप्प असतात की घरच्यांना वाटतं, अगदी शांत कुत्री मिळाली. तीन आठवड्यांनी खरी चिंगी बाहेर येते.

सोसायटीत कुरबुर होते तिथे एक माहिती हाताशी असावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस ही मात्र पाळणाऱ्याची जबाबदारी. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दत्तक घेण्याची वाट खुली ठेवली, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, हेही बजावलं.

आणि एवढं करूनही जमलं नाही तर? घरात तान्हं बाळ आलं, बदली झाली, किंवा आजींचा तोल दोनदा गेला. तेव्हा कुणा ओळखीच्या शेतावर नेऊन सोडणं हा मार्ग नाही. पहिला फोन फॉस्टरताईंना करावा. करारपत्रात ‘परत द्यायचा झाल्यास संस्थेलाच’ असं कलम असतं ते याचसाठी. त्या रागावणार नाहीत. चिंगीला कोणतं घर मानवेल, हे त्यांना आता आधीपेक्षा जास्त नेमकं कळलेलं असतं.

(पुढच्या भागात : घर बंद करून कामावर जाताना. पहिली पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग चार तास.)