गिरगांवांतील रस्ते आणि आपण

शाळा सुटल्यावर घरीं जातांना आमच्या विद्यार्थ्यांना वारंवार पदपथ सोडून खालीं गाड्यांच्या गर्दींत उतरावें लागतें. "रस्ते असे कां?" असें एका मुलानें वर्गांत विचारलें. त्याचें उत्तर देण्यास बरेंच मागें जावें लागतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व १८९८ सालीं सरकारनें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रोगाचें मूळ कोंदट हवेंत आहे, असा त्या काळीं पुष्कळांचा समज असे. म्हणून समुद्रावरचा वारा दाट वस्तींत खेळावा, एतदर्थ पश्चिमेकडून रुंद रस्ते कापण्यांत आले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आतांचा शामळदास गांधी मार्ग, व सँडहर्स्ट रोड, म्हणजे आतांचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्यांपैकींच. गंमत अशी कीं, प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, असें सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याच १८९८ सालीं प्रसिद्ध केलें! कारण चुकलें, तरी रस्ते उपयोगी पडले. मात्र मालकांना भरपाई मिळे, आणि भाडेकऱ्यांना बिऱ्हाड उचलावें लागे. त्यांतील कित्येक शेजारच्याच चाळींत शिरले व तेथील दाटी वाढली. हा दोष आम्हांस लहान वाटत नाहीं. दादर-माटुंग्यास मोकळी जमीन होती; तेथें आंखणी सोपी गेली. पुढें १९३३ सालीं ट्रस्टचें काम म्युनिसिपालिटीकडे आलें.

२०१९ सालीं मुंबई महानगरपालिकेनें डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेच्या साह्यानें 'मुंबई स्ट्रीट लॅब' ही स्पर्धा योजून पांच रस्त्यांचे नवे आराखडे वास्तुशिल्पज्ञांकडून मागविले. त्यांत गिरगांवांतील राजा राममोहन राय मार्ग होता. अशा आंखणीचें एक तत्त्व मुलांनाही समजेल. जुना रस्ता कोठें रुंद, कोठें अरुंद असतो. परंतु अरुंद भागांतून जितक्या गाड्या निघतील, तितक्याच पुढें जावयाच्या. मग गाडीमार्ग सर्वत्र सारख्या रुंदीचा ठेवून उरलेली जागा पादचाऱ्यांस, झाडांस व बांकांस कां देऊं नये? पण ती कोठें द्यावी, हें तेथें रोज वावरणाऱ्यांनींच सांगितलें पाहिजे.

हें समजावून दिल्यावर आम्ही मुलांना फीत घेऊन शाळेजवळचा पदपथ मोजावयास नेलें. एके ठिकाणीं खोक्यांमुळें जेमतेम दीड फूट वाट उरली होती. मुलांचें मोजमाप पाहून दुकानदार बाहेर आले, फितीचें दुसरें टोंक त्यांनीं स्वतः धरलें, आणि आंकडा वाचून खोकीं आंत घेण्यास गड्यास हांक मारली.