उंच पावलांना डर्बी बरा
लेस घट्ट ओढूनही बुटाच्या दोन पाकळ्यांमध्ये 'व्ही'सारखी रुंद फट राहते? मग तुमचं पाऊल वरून उंच असण्याची शक्यता मोठी. ऑक्सफर्ड प्रकारच्या बुटात या पाकळ्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असल्यामुळे फारशा उघडत नाहीत. डर्बी प्रकारात त्या चामड्याच्या वर शिवतात, म्हणून मोकळ्या फाकतात. सुटावर ऑक्सफर्डच हवा, हा आग्रह सोडावा. काळा, साधा डर्बीही रुबाबदार दिसतो. लोफर मात्र जपून, त्यात सैल करायला काहीच नसतं. नुसता नंबर वाढवला तर टाच निसटते. त्याऐवजी आतला सुटा तळ काढून पाहावा किंवा उंचवट्यावरची भोकं लेस न ओवता सोडावीत. माप देऊन बूट शिवून घेतले, तर कारागीर फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, तेवढ्या जागी चामड्याचा तुकडा चढवून उंची वाढवतो.