सिस्टर, मला उठायचंय

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात पाऊस बसला की दवाखान्याचा व्हरांडा दिवसभर वाळत नाही. आंबा घाटाकडच्या गावांतून आलेल्यांच्या छत्र्या निथळत असतात, त्यात पायांचा चिखल. मावशी पुसून मागं वळेपर्यंत फरशी परत ओली. या दिवसांत वॉर्डातल्या सिस्टर म्हाताऱ्या रुग्णाला आधी चपलेचं विचारतात. कातडी तळाची कोल्हापुरी वहाण ओल्या फरशीवर धरत नाही. ती घरी जाते आणि रबरी तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल मागवली जाते.

पडायचं नाही, हे शिकवायचं काय? दुपारच्या जेवणानंतरची सिस्टरांची शिकवणी पाहिली की हा प्रश्न उरत नाही.

"आज्जी, रात्री लघवीला लागली तर काय करणार?"

"काय करनार? उठनार न् जानार."

"आणि हे सलाईन?"

"ते बी संगं."

सिस्टर त्यांना तिथंच उठायला लावतात. आधी कुशीवर. मग पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसायचं, घोटे वरखाली हलवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळात मिनिटभर काटा पाहायचा. अंधारी येत नाही ना? मगच उभं राहायचं, तेही गुडघ्यांची मागची बाजू खाटेला टेकवून. तोल गेलाच तर माणूस खाटेवर बसतो. लुगड्याचा सोगा आधी खोचून घ्यायचा. सलाईनच्या स्टँडवर भार टाकायचा नाही, ते स्वतःच डुगडुगतं. झोपून आणि उभं राहून असा दोनदा बीपी घेतात. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर सिस्टर डॉक्टरांना सांगतात. बीपीची, झोपेची, लघवीची गोळी कुठली नि किती वाजता, हे मग तपासलं जातं.

एवढ्यावर थांबलं तर ती नुसती सूचना झाली. सिस्टर म्हणतात, "आता हे सगळं सूनबाईंना तुम्ही शिकवा." आज्जी शिकवतात आणि नेमकं मिनिटभर बसायचं विसरतात. पुन्हा पहिल्यापासून. 'सावकाश चाला' असा बोर्ड भिंतीला लावून हे काम होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण मात्र पुढंच आहे. सून खाटेखाली चटईवर झोपलेली असते. "दिवसभर रानात राबून आलीया, तिला कशाला उठवू?" सिस्टर तर बोलूनचालून परक्या. त्यांना संडासाला न्या म्हणायची लाज. ही भीड म्हाताऱ्या माणसाला अंधारात एकटं उठवते. म्हणून सिस्टर उशाशी स्टीलचं भांडं आणि चमचा ठेवतात: हाक मारवत नसेल तर वाजवा. झोपायच्या आधी आणि मध्यरात्रीनंतर एकदा, न विचारता धरून नेऊन आणायचं, हेही ठरवून टाकतात. मागायचंच नाही म्हटल्यावर भिडेचा प्रश्न येत नाही.

ऑस्ट्रेलियात आठ पुनर्वसन विभागांमध्ये रुग्णांना असं एकेकट्याला शिकवून आणि कर्मचाऱ्यांनाही तयार करून पाहिलं गेलं. 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रुग्णांच्या दर हजार दिवसांमागे पडण्याचं प्रमाण 13.78 होतं, ते शिकवणीच्या काळात 7.80 वर आलं. ज्यांना भ्रम होतो, सांगितलेलं लक्षात राहत नाही, त्यांच्यापुढं मात्र ही शिकवणी लंगडी पडते. त्यांची खाट खाली करायची आणि जवळ माणूस ठेवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. शाहूवाडीच्या वाडीवस्तीवरच्या घराला तो आकडा दिसत नाही. त्याला दिसतं ते खुब्याचं मोडलेलं हाड, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या फेऱ्या आणि ऐन लावणीत घरी अडकलेला एक माणूस.

घरी सोडताना सिस्टर घराचंच विचारतात. उंबरा किती उंच? न्हाणीत शेवाळ आहे का? संडास परड्यात असेल तर वाटेवर दिवा आहे का? उंबऱ्याला पांढरा पट्टा, न्हाणीत पाटाऐवजी खुर्ची, भिंतीला धरायला एक पक्की सळई: खर्च फार नाही.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस दवाखान्यात असेल, तर पहिल्याच रात्री त्याला आपल्या तोंडानं सांगा: "उठायच्या आधी मला उठवा. मला त्रास होत नाही." त्यांनी खरंच उठवलं, तर कपाळाला आठी घालू नका.