माळावरचा वारा, सागरावरचा वारा
साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्कीचे एकेक अजस्र पाते घाटवळणांतून चढवून नेणे हेच जेथे दिव्य, तेथे तीच यंत्रे समुद्रतळात पोलादी खांब रोवून उभारणे किती दुष्कर, हे खानदेशवासीयांस सांगणे नलगे. आपली तापी ज्या खंभातच्या आखाताकडे धावते, तेथे २०१७ साली सरकारने वाऱ्याच्या मोजणीसाठी लायडार यंत्र बसविले. क्षारयुक्त हवेने धातू झिजतो, दुरुस्तीस खास जहाजे लागतात, वीज समुद्रतळावरील केबलमधून किनाऱ्यास आणावी लागते. या खर्चाच्या भारास्तव केंद्राने २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडू किनाऱ्यांलगतच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी, बंदरांच्या सुधारणेसह, ७,४५३ कोटी रुपयांची तजवीज केली. मात्र कोळी बांधवांच्या उपजीविकेचा बंदोबस्त आधी व्हावा, हाच न्याय होय.