बॅटमॅनने ठेवलेली जुनी ओळख

रविवारची सकाळ. पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन आम्ही घरातली मंडळी टीव्हीसमोर बसलो होतो. आठ वर्षांच्या नातीने बॅटमॅनच्या एका मालिकेतला भाग लावला होता. मी वर्तमानपत्रात डोके घातले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "आजोबा, बघा ना, कार्टून बिघडलंय! सगळे बाहुल्यांसारखे चालतायत. नुसती तोंडंच हलतायत!"

मी मान वर केली आणि हसूच आले. कार्टून बिघडले नव्हते, ते मुद्दाम तसे काढलेले होते.

'बॅटमॅन : द ब्रेव्ह अँड द बोल्ड' ही मालिका २००८ ते २०११ या काळात निघाली. तिच्या २०११ मधल्या या भागात बॅट-माइट नावाचा एक खट्याळ बुटका बॅटमॅनच्या चित्रविचित्र कथा सादर करतो. एक कथा अमेरिकेतल्या 'मॅड' या विनोदी मासिकाने १९५३ साली केलेल्या विडंबनावर बेतलेली, दुसरी साठच्या दशकातल्या जपानी चित्रकथेवर. तिसऱ्या कथेत बॅटमॅन आणि रॉबिन भेटतात ते स्कूबी-डू या भित्र्या कुत्र्याला आणि त्याच्या मित्रमंडळीला. ही भेट मुळात झाली होती १९७२ साली, स्कूबीच्या त्या वेळच्या मालिकेत. जवळजवळ चाळीस वर्षांनी नव्या चित्रकारांनी ती पुन्हा रंगवली, आणि तीही जुन्याच पद्धतीने. तेच सपाट रंग, तीच ताठ चाल.

नातीला प्रश्न पडला, "पण मुद्दाम वाईट कशाला काढायचं?"

प्रश्न मोठा रास्त होता. चित्रपटगृहात दाखवायच्या कार्टूनसाठी सेकंदाला चोवीस चौकटी लागत आणि त्यांसाठी चित्रांचे ढीगच्या ढीग काढावे लागत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने 'टॉम अँड जेरी' असेच काढले. पुढे त्यांच्या कंपनीने कार्टून विभाग बंद केला आणि १९५७ साली दोघांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. टेलिव्हिजनचे पैसे थोडे आणि मुदत त्याहून थोडी. मग त्यांनी काटकसरीचा संसार मांडला. धड तेच ठेवायचे, फक्त डोके किंवा ओठ नव्याने काढायचे. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? डोके आणि धड यांचा सांधा त्याखाली झाकला जातो म्हणून! पाठलागात मागचे देखावे फिरून फिरून तेच येतात, तेही याच हिशेबाने.

आणखी एक गंमत आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पालकांनी मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीविरुद्ध आवाज उठवला. १९६९ साली आलेला स्कूबी हे त्याच वातावरणाचे अपत्य. भुताला भ्यायचे, पळायचे, शेवटी मुखवटा ओढायचा, पण हात उगारायचा नाही. नव्या भागातल्या बॅट-माइटला हा मिळमिळीतपणा सोसवत नाही. तो आपली जादू चालवतो आणि ही भित्री मंडळी खलनायकांना चांगले बदडून काढतात! नात टाळ्या पिटू लागली. मला मात्र वाटले, ही थट्टा परक्याची नाही. आजोबांच्या जुन्या कोटाची नातवंडे करतात तशी ती घरातली थट्टा आहे. ज्याला त्या कोटाचे प्रत्येक बटण ठाऊक आहे, त्यालाच ती साधते.

बॅटमॅनच्याच १९९२ मधल्या एका भागाची या वेळी आठवण झाली. त्यात बॅटमॅनला लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला 'ग्रे गोस्ट' हा टीव्हीवरचा नायक आठवतो. ते काम करणारा नट आता म्हातारा झाला आहे. त्याला काम मिळत नाही, आणि भाड्यासाठी तो जुन्या वस्तू विकतो आहे. मालिकेच्या फिती आगीत गेल्या असे सारे समजतात, पण त्याने स्वतःपाशी जपलेल्या प्रती बॅटमॅनच्या उपयोगी पडतात. या नटाला आवाज दिला तो अ‍ॅडम वेस्टने. १९६६ ते ६८ मध्ये टेलिव्हिजनवर बॅटमॅन झालेला हाच तो नट. त्या भूमिकेनंतर त्यालाही खऱ्या आयुष्यात मनाजोगती कामे मिळेनाशी झाली होती. नव्या पिढीने जुन्याचे ऋण याहून नेटके कसे फेडावे?

मग मनात आले, आपल्याकडे असे ऋण कोणाचे फेडायचे? आणि फेडायचे म्हटले तर ते सापडेल का?

आमच्या पुण्यात 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' हे कार्टून काढले होते. जंबूक म्हणजे कोल्हा, त्यावरून हे नाव. चित्रे रघुनाथ केळकरांची. डिस्नेचा मिकी तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता! पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेकडच्या क्लेअर वीक्स यांनी आपल्या मुलांना शिकवले, आणि त्यांतूनच राम मोहन पुढे आले. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केला. चित्रांकन भीमसेन यांचे, गाणारी मुलगी साधना सरगम आणि संगीत वसंत देसाई यांचे. हे वसंतराव 'प्रभात'च्याच अंगणात वाढलेले. सात मिनिटांचा तो चित्रपट दूरदर्शनवर किती वेळा लागला याची गणती नाही. चित्रे साधी, हालचाल बेताची, पण आज चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही त्याची नुसती आठवण करून द्या, चेहरा खुलतो.

धायरीच्या आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात पोचू लागले ते या मनोऱ्यामुळेच. धारेश्वराच्या देवळापासून फाट्यापर्यंत तेव्हा शेतेच जास्त. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओट्यावर चपलांचा ढीग. घरचे आणि दारचे असा भेद त्या खोलीत उरत नसे.

पण आठवणीवर किती काळ विसंबायचे? ग्रे गोस्टच्या कथेतली आग आपल्याकडे खरोखर लागली. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या 'प्रभात'च्या, आवारात चित्रपट संग्रहालयाच्या कोठीला आग लागली. नायट्रेटच्या फिती बघता बघता पेट घेतात. हजारो रिळांची राख झाली. १९६४ पासून पुण्यात असलेले हे संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन या दोन्ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. जुन्या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर सरकारने हाती घेतले आहे, हे चांगलेच आहे. पण नुसती जपलेली वस्तू जिवंत राहत नाही. ती कोणीतरी मुलांना दाखवावी लागते. अमेरिकेतल्या त्या चित्रकारांनी लहानपणी स्कूबी पाहिला होता, म्हणून त्यांना त्याची नक्कल सुचली. आपल्या मुलांनी काही पाहिलेच नाही, तर उद्या ती कशाला मुजरा करणार?

बॅटमॅन संपल्यावर मी नातीला म्हटले, "आता माझं एक कार्टून बघशील? सातच मिनिटांचं आहे."

सुरुवातीला तिने नाक मुरडले. "हेही बिघडलेलंच आहे," ती म्हणाली. दुसऱ्या मिनिटाला ती पुढे सरकून बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाई हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबून गुणगुणू लागली. नातीने चमकून तिच्याकडे पाहिले.

"आई, तुला येतं हे?"

सात मिनिटे संपली आणि नात म्हणाली, "परत लावा!"

पोहे केव्हाच गार झाले होते.